पद्मिनी, हाफ क्लच आणि शेठ वालचंद

रूममेटच्या मामांकडे एक जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. सुट्टीत तिच्यातून आम्ही चौघे खुलताबादला निघालो आणि दौलताबादच्या घाटात, ऐन चढावर, तिनं तीनदा मान टाकली. न्यूट्रलला इंजिन कधी भणभणायचं, कधी विझल्यासारखं व्हायचं. क्लच सोडत आणला, गाडी जिथं पकडते तिथं आली, की गचका देऊन बंद! मागे ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, आणि आम्ही मेकॅनिकलचे भावी इंजिनीअर क्लच प्लेट गेली म्हणून मोकळे.

मामांनी क्लचकडे बघितलंही नाही. मित्रांनो, आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. कार्बोरेटरच्या बारीक स्लो जेटमधून येईल तेवढ्या पेट्रोलवर इंजिन कसंबसं तग धरतं. तिथं कचरा अडकला, किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून चोरटी हवा घुसली, की आरपीएम डुलायला लागतो. त्यात हाफ क्लचला घासणारी प्लेट अख्ख्या गाडीचं ओझं इंजिनावर टाकते. तेव्हा आरपीएम थोडा पडणारच. ॲक्सिलरेटर दिला की सावरतो. पण न्यूट्रललाच डुलत असेल तर क्लचला कशाला दोष द्यायचा? (आजच्या गाड्यांत हे सगळं कंप्युटर गुपचूप सांभाळतो, म्हणून आपल्याला कळतच नाही.) जेट काढून फुंकला, गाडी चालू.

परतताना मामांनी ही गाडी बनवणारी कंपनी काढणाऱ्याची गोष्ट सांगितली. आपल्याला वालचंद म्हणजे सांगलीचं कॉलेज, बस्स!

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा, सोलापूरचा. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यात मन रमेना. रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांना भागीदार घेऊन त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढे त्यांच्या कंपनीने बोरघाटातले रेल्वेचे बोगदेही केले. 1919 ला ग्वाल्हेरच्या महाराजांकडचं ‘लॉयल्टी’ जहाज घेऊन 5 एप्रिलला ते मुंबईहून लंडनला सोडलं. तो दिवस आता राष्ट्रीय सागरी दिन आहे. इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदिया कंपनीला बुडवायचा प्रयत्न केला, पण ती टिकली.

मोटारीचं मात्र घोडं अडलं. विश्वेश्वरय्यांनी तीसच्या दशकात मुंबईत मोटार कारखान्याची योजना मांडली होती. ती घेऊन वालचंद 1939 ला अमेरिकेला गेले. 1940 ला क्रायस्लरशी करार झाला, पण युद्ध पेटलेलं. मोटार कारखाना युद्धाच्या कामाचा आहे हे सरकार मानेना. गंमत बघा, त्याच दौऱ्यावरून परतताना विमानात विल्यम पॉली भेटले, विमानांच्या धंद्यातले. त्या ओळखीतून डिसेंबर 1940 मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट उभी राहिली, म्हणजे आजची एचएएल. दोन वर्षांत सरकारने ती ताब्यात घेतली. 1941 ला विशाखापट्टणमला जहाज कारखान्याची पायाभरणी. एकाच वेळी इतकं अंगावर घेणं मला तरी अतीच वाटतं, पण एक अडलं की दुसरीकडे हात घालायचा हा त्यांचा स्वभावच होता.

अखेर 1944 ला प्रीमियर ऑटोमोबाइल्स नोंदली गेली. कुर्ल्याच्या कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास डॉज, प्लायमाउथ बाहेर पडू लागल्या. पण सुटे भाग अमेरिकेचे, इथं नुसती जोडणी. 1949 ला वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला, 1950 ला ते कामातून निवृत्त झाले आणि 8 एप्रिल 1953 ला गुजरातेत सिद्धपूरला गेले. 1089 सीसीची फियाट 1100 कुर्ल्यात बनू लागली ती त्यानंतर; पद्मिनी हे नाव तर 1974 चं. ही गाडी त्यांनी पाहिलीच नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. मामांची अजून आहे. तिला मॅनिफोल्डचं नवं गॅस्केट हवंय, आणि ते काही मिळत नाहीये.