शेठजींचे दोन धंदे

भगिनींनो, मी जेमतेम सातवी शिकलेली. पण मंडळाच्या पापडांचा हिशेब लिहिताना मला आपल्या वर्ध्याचे जमनालालजी बजाज आठवतात.

त्यांचा जन्म १८८९ साली सीकरजवळच्या खेड्यात झाला. वर्ध्याच्या शेठ बच्छराजजींनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक आणले. सतराव्या वर्षी आजोबा रागावले, तेव्हा संपत्तीवर पाणी सोडल्याचे पत्र लिहून हा मुलगा घराबाहेर पडला. पुढे कापसाच्या व्यापारात त्यांचे नाव झाले. १९३१ साली त्यांनी आजच्या उत्तर प्रदेशात साखर कारखाना काढला. तो धंदा मोठ्या भांडवलाचा, यंत्राचा.

१९३४ साली गांधीजींचा ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हा शेठजींनी वर्ध्यातली आपली बाग त्याला देऊन टाकली. तीच मगनवाडी. तेथे तेलघाणी, हातकागद, हातसडीचा तांदूळ. हा धंदा थोड्या भांडवलाचा, पुष्कळ हातांचा. नफा कमी, पण मजुरी घरोघर जाते.

११ फेब्रुवारी १९४२ रोजी शेठजी वारले.

आता आपल्यात पापडाचे यंत्र घेण्याचा वाद आहे. नफा वाढेल खरा, पण लाटणाऱ्या आठ जणींचे काय? शेठजींनी दोन्ही धंदे जपले. आपला कोणता, ते आधी ठरवू. यंत्राचे मग बोलू.