विश्लेषण : अवघ्या आठ महिन्यांची कारकीर्द, तरीही ‘ला बाम्बा’ अजरामर… कोण होता रिची व्हॅलेन्स?

मे १९५८ मध्ये रेकॉर्ड कंपनीशी करार आणि ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान अपघातात मृत्यू. रॉक अँड रोल गिटारवादक रिची व्हॅलेन्स तेव्हा जेमतेम १७ वर्षांचा होता.

नाव का बदलले?

रिचर्ड व्हॅलेन्झुएलाचा जन्म १३ मे १९४१ चा, लॉस एंजेलिसच्या पकोइमा भागातील मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबातला. डावखुरा असूनही तो उजव्या हाताने गिटार शिकला. १९५७ मध्ये दोन विमानांची हवेत टक्कर होऊन अवशेष त्याच्या शाळेच्या मैदानावर कोसळले. आजोबांच्या अंत्यविधीला गेल्याने तो वाचला, पण विमानाची धास्ती मनात बसली.

‘डेल-फाय’ या छोट्या कंपनीचे मालक बॉब कीन यांनी त्याला एका चित्रपटगृहातील कार्यक्रमात ऐकले आणि करारबद्ध केले. ‘व्हॅलेन्झुएला’चे ‘व्हॅलेन्स’ही त्यांनीच केले. मेक्सिकन आडनाव पाहून रेडिओ केंद्रांनी तबकडी बाजूला ठेवू नये, हा सरळ व्यापारी हिशेब होता.

‘ला बाम्बा’चे वेगळेपण काय?

हिशेब चुकला नाही, पण गंमत वेगळीच झाली. तबकडीच्या एका बाजूला ‘डॉना’ हे इंग्रजी प्रेमगीत होते. ते अमेरिकी क्रमवारीत दुसऱ्या स्थानी पोहोचले. मागच्या बाजूला होते मेक्सिकोच्या व्हेराक्रुझ प्रांतातील पारंपरिक लोकगीत, ‘ला बाम्बा’. रिची इंग्रजीतच वाढलेला, स्पॅनिश त्याला बेताचीच येत होती. तरीही लोकगीताला इलेक्ट्रिक गिटार आणि रॉकचा ठेका देऊन त्याने ते संपूर्ण स्पॅनिशमध्ये गायले. क्रमवारीत ते २२ व्या स्थानावर थांबले. आज मात्र रिचीची ओळख याच गाण्याने होते, ‘डॉना’ने नव्हे.

अपघात कसा झाला?

जानेवारी १९५९ मध्ये बडी हॉलीसह निघालेल्या दौऱ्यात बसची हीटर यंत्रणा बंद पडली. कडाक्याच्या थंडीने एका ड्रमवादकाच्या पायांना हिमदंश झाला. अखेर आयोवातील क्लिअर लेकच्या कार्यक्रमानंतर हॉलीने छोटे विमान ठरवले. त्यातील एका जागेसाठी रिची आणि गिटारवादक टॉमी ऑलसप यांनी नाणे उडवले. रिची जिंकला. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान शेतात कोसळले. हॉली, जे. पी. रिचर्डसन, रिची आणि वैमानिक असे चौघेही ठार झाले.

रिचीचा पहिला अल्बम त्याच्या मृत्यूनंतर आला. १९८७ मध्ये त्याच्यावरील चित्रपटासाठी ‘लॉस लोबोस’ने ‘ला बाम्बा’ पुन्हा गायले आणि या वेळी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले.