गोध्र्याचा पांडुरंग, नारेश्वरचे अवधूत: मराठी घरातली दत्तभक्ती गुजरातीत नेणारे रंग अवधूत महाराज

वडोदरा जिल्ह्याच्या उत्तर अंगाला मही नदी वाहते. तिच्या बाजूला नंदेसरी. आज हे नाव घेतलं की डोळ्यासमोर येते ती औद्योगिक वसाहत. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला नर्मदा, आणि तिच्या काठावर करजण तालुक्यात नारेश्वर. मही ते नर्मदा या पट्ट्यात गुरुवारी संध्याकाळी अनेक घरांत दत्तबावनी म्हटली जाते. म्हणणारे बहुतेक गुजराती, आणि भाषाही गुजराती. पण ती लिहिणाऱ्या महाराजांच्या घरात मराठी बोलली जायची, आणि त्यांचं मूळ गाव होतं कोकणात.

त्यांचं पाळण्यातलं नाव पांडुरंग विठ्ठल वळामे. लोक त्यांना ओळखतात ते रंग अवधूत म्हणून. 'पांडुरंग'मधला 'रंग' त्यांनी ठेवला, बाकी सगळं सोडलं.

देवळे ते गोध्रा

वळामे कुटुंब रत्नागिरी जिल्ह्यातल्या देवळे गावचं. वडील विठ्ठलपंत पौरोहित्यासाठी गोध्र्याला गेले आणि तिथल्या विठ्ठल मंदिराचे पुजारी झाले. कोकणातला भटजी गोध्र्याला कसा पोचला, याचं उत्तर इतिहासात आहे. पंचमहाल पूर्वी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता, शेजारी वडोद्यात गायकवाडांचं राज्य. सरदार, कारकून, पुजारी अशी मराठी माणसं या भागात येत राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे देव आणि सणवारही आले.

२१ नोव्हेंबर १८९८ ला, कार्तिक शुद्ध अष्टमीला, पांडुरंगाचा जन्म झाला. तीन दिवसांवर कार्तिकी एकादशी होती. वडील विठ्ठल, आई रुक्मिणी आणि मुलगा पांडुरंग, तोही विठ्ठलाच्या देवळाच्या पुजाऱ्याच्या घरात!

पण घरातलं हे सुख फार टिकलं नाही. गोध्र्यात प्लेगची साथ आली आणि त्यात विठ्ठलपंत गेले. पांडुरंग तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा, धाकटा भाऊ नारायण त्याहून लहान. परक्या मुलखात दोन पोरांना घेऊन रुक्मिणीबाईंनी दिवस काढले. मुंजीसाठी मात्र मुलाला देवळ्याला नेलं. मूळ गाव सुटलं तरी कुळाचार सुटला नव्हता.

नरसोबाच्या वाडीची भेट

मुंजीनंतर पांडुरंग नातलगांबरोबर कोल्हापूरकडच्या नरसोबाच्या वाडीला गेला. तिथे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजे आपले टेंबे स्वामी, त्याला भेटले. स्वामी सिंधुदुर्गातल्या माणगावचे. दंड-कमंडलू घेऊन देशभर पायी फिरणारे. आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणि पन्नाशी ओलांडलेले संन्यासी यांची ही भेट काही क्षणांचीच होती. तरी त्या दिवसापासून पांडुरंगाने त्यांनाच गुरू मानलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९१४ साली टेंबे स्वामींनी देह ठेवला तो गुजरातमध्ये, नर्मदाकाठी गरुडेश्वरला. आषाढ शुद्ध प्रतिपदेला तिथे आजही त्यांची पुण्यतिथी होते, आणि दोन्ही राज्यांतून माणसं जातात.

खादी, शिक्षकी आणि मग नर्मदा

पांडुरंग अभ्यासात हुशार होता. गोध्र्याची शाळा झाल्यावर तो वडोद्याच्या कॉलेजात गेला. तेवढ्यात असहकाराची हाक आली. सरकारी पदवीची वाट सोडून तो अहमदाबादला, गांधीजींनी १९२० मध्ये सुरू केलेल्या गुजरात विद्यापीठात दाखल झाला आणि तिथूनच पदवी घेतली. काही काळ शिक्षकी केली. संस्कृत पक्कं, गुजरातीवर हुकमत, घरात मराठी. आईला वाटलं असणार, आता संसार लागेल.

पण १९२५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, तो नारेश्वरला जाऊन बसला. तेव्हा तिथे आश्रम नव्हता, रस्ता नव्हता. झाडी होती, साप होते, आसपासच्या गावांचं स्मशान होतं आणि एक जुनं महादेवाचं देऊळ. एका कडुलिंबाखाली त्यांनी आसन घातलं. तो कडुलिंब आजही दाखवतात, आणि त्याची पानं कडू लागत नाहीत असं भाविक सांगतात. दत्तपुराणाची १०८ पारायणं आणि त्यानंतर १०८ दिवसांत नर्मदा परिक्रमा, अशी त्या काळातली त्यांची साधना चरित्रात नोंदली आहे.

बावन्न ओळींची बावनी

दत्त गुजरातला परका नव्हता. गिरनारच्या शिखरावर दत्तपादुका आहेतच. पण आपल्याकडे दत्तभक्ती घरोघरी चालते ती गुरुचरित्रावर. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, त्याआधी सात दिवसांचं पारायण. सोवळं, एकभुक्त, जमिनीवर झोपणं, ठरलेल्या दिवशी ठरलेले अध्याय. त्यात बायकांनी पोथी वाचायची नाही असाही दंडक. पोथी मराठी ओवीतली. शेजारच्या गुजराती माणसाने आरतीला यावं, प्रसाद घ्यावा, पण पोथी त्याच्या हाताबाहेर.

४ फेब्रुवारी १९३५ ला महाराज कलोलजवळच्या सईज गावात होते. एका भाविकाची बायको आजारी होती, काही केल्या गुण येत नव्हता. तिच्यासाठी त्यांनी दत्ताची स्तुती लिहून दिली, साध्या गुजरातीत, बावन्न ओळींत. तीच दत्तबावनी. गुरुचरित्राची रूढ पोथी बावन्न अध्यायांची, आणि त्यातल्या कितीतरी कथा या ओळींत एकेका उल्लेखाने येऊन जातात. ज्याला गुरुचरित्र ठाऊक आहे त्याला प्रत्येक उल्लेख ओळखता येतो. ज्याला ठाऊक नाही तोही चालीवर म्हणू शकतो. बावन्न गुरुवार, बावन्न पाठ, असा नेम त्यात सांगितला आहे. कामावरून येऊन, हातपाय धुऊन, दिवा लावून कुणीही म्हणावी, बाईने म्हणावी, पोराने म्हणावी.

नंतर त्यांनी गुरुलीलामृत हा दोह्यांतला मोठा ग्रंथ गुजरातीत लिहिला. ज्ञान, कर्म आणि उपासना अशी त्याची तीन कांडं. गुजरातमध्ये त्याचीही पारायणं होतात.

मराठी माणसाने मराठी सोडली, अशी खंत कुणाला वाटली तर गुरुचरित्राकडेच बघावं. ते लिहिणाऱ्या सरस्वती गंगाधरांची घरची भाषा कन्नड. श्रीपाद श्रीवल्लभ आंध्रातल्या पीठापूरचे, नृसिंह सरस्वती विदर्भातल्या कारंजाचे, गाणगापूर कर्नाटकात. कन्नड घरातल्या माणसाने दत्तकथा मराठीत आणली, मराठी घरातल्या माणसाने ती गुजरातीत नेली. प्रत्येक वेळी ती पुढच्या मुलखाच्या बोलीत गेली, म्हणून तिथे टिकली.

आई आणि शेवट

संन्याशाने घर सोडायचं, आईलाही, असा शास्त्राचा नियम. महाराजांनी तो पाळला नाही. धाकट्या भावाच्या निधनानंतर रुक्मिणीबाई नारेश्वरला येऊन राहिल्या. ज्या बाईने नवरा प्लेगमध्ये गमावला, एक मुलगा अकाली गमावला, तिचा उरलेला मुलगा हजारोंचा महाराज झाला होता. तरी तो तिची सेवा स्वतः करायचा. १९६७ साली त्या गेल्या. नारेश्वरला त्यांचं मातृस्मृती शैल उभं आहे. साधूच्या आश्रमात आईचं स्मारक सहसा दिसत नाही.

पुढच्याच वर्षी महाराज उत्तरेच्या प्रवासाला निघाले. त्या सालची कार्तिक अष्टमी होऊन तीन आठवडे झाले होते. १९ नोव्हेंबर १९६८ ला, कार्तिक अमावास्येला, हरिद्वारला गंगाकाठी त्यांनी देह ठेवला. पार्थिव नारेश्वरला आणलं आणि २१ नोव्हेंबरला नर्मदाकाठी अंत्यसंस्कार झाले. तारखेने तो त्यांचा सत्तरावा वाढदिवस. त्यांनी मागे गादी ठेवली नाही, तिच्यावर कुणाला बसवलं नाही.

एकच तिथी, दोन पंचांगं

ते जन्मले तेव्हा गोध्रा आणि रत्नागिरी एकाच मुंबई इलाख्यात होते. १ मे १९६० नंतर मधे राज्याची सीमा आली. पण तिथ्यांना सीमा लागत नाही. महाराष्ट्रात आणि गुजरातेत महिने अमावास्येलाच संपतात, त्यामुळे तिथी आणि महिना दोन्हीकडे जुळतो. फरक वर्षाचा. आपलं नवीन वर्ष चैत्रपाडव्याला, त्यांचं कार्तिक पाडव्याला. म्हणून रंगजयंती गुजरातमध्ये नव्या वर्षाच्या आठव्या दिवशी येते, आणि आपल्याकडे दिवाळीचा फराळ डब्यात असतानाच.

त्यानंतर महिनाभराने मार्गशीर्ष पौर्णिमा. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, घोड्यांचा बाजार लागतो, आणि गुजरातमधून गाड्या भरून माणसं येतात. त्याच दिवशी नारेश्वरला, गरुडेश्वरला दत्तजन्म होतो. सारंगखेड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या एखाद्या गुजराती आजीच्या तोंडी बावनी ऐकू आली, तर ती देवळ्याच्या वळाम्यांच्या पांडुरंगाने लिहिली आहे, एवढं शेजारी उभ्या असलेल्या आपल्या पोरांना जरूर सांगावं.