बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे

आपल्या जिल्ह्याचे नाव निघाले की कोणी सिंदखेडराजाच्या जिजाऊंचा उल्लेख करतो, कोणी लोणारच्या सरोवराचा, कोणी शेगावचा. ताराबाई शिंदे यांचे नाव मात्र सहसा निघत नाही. त्या तर खास बुलडाणा गावच्या!

त्यांचा जन्म १८५० सालचा. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे बुलडाण्याच्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासदही होते. चार भावांत ही एकच बहीण. वडिलांनी तिला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. लग्न लहानपणीच झाले. पण मुलगी सासरी न जाता जावईच घरी राहावयास आले. मूलबाळ झाले नाही.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलज्जेच्या भयाने तिने आपले नवजात मूल मारले होते. कोर्टाने फाशी सुनावली. अपिलात फाशी जाऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा आली व पुढे तीही पाच वर्षांवर आली. त्या मुलाच्या बापाला मात्र कोणी काही विचारले नाही. उलट 'पुणेवैभव' पत्राने समस्त स्त्रीजातीवरच झोड उठविली. विजयालक्ष्मी ना ताराबाईंच्या जातीची, ना गावची. परंतु कुलीन मराठ्यांतही विधवेला पुनर्विवाहाची बंदीच होती. ते दुःख त्यांना परके नव्हते.

त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध लिहिला. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या ५०० प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. स्त्रियांच्या माथी मारलेले कपट, चंचलपणा, अविचार असे एकेक दुर्गुण घेऊन त्या पुरुषांनाच जाब विचारतात. बायको मेली की पुरुषाने लगेच दुसरी करावी आणि नवरा मेला की बाईने जन्मभर अंधारात तोंड लपवावे, हा न्याय कोणत्या देवाने केला? सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली. बायकोसाठी कोण गेला? भाषा घरातल्या बायकांची, रोखठोक, मधूनच हसविणारी. मला तर ती आजही आपल्याकडच्या एखाद्या फटकळ आत्याबाईची वाटते.

टीका पुष्कळ झाली. सत्यशोधक मंडळींपैकीही काहींना हे लिखाण रुचले नाही. जोतीराव मात्र १८८५ साली 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात आपल्याच सहकाऱ्यांना खडसावून ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. एवढा आधार मिळूनही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. ज्या लेखणीला इतके बोलायचे होते ती बत्तिसाव्या वर्षी थांबली, याची हळहळ वाटते. १९१०च्या सुमारास त्या वारल्या.

पुढे पुस्तकही विस्मृतीत गेले. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी ते शोधून पुन्हा छापले, तेव्हा मूळ आवृत्तीला ९३ वर्षे होऊन गेली होती. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. मूळ निबंध अवघा ५२ पानांचा आहे. एका बैठकीत वाचून होतो.