तीन वेळा समुद्रापार

साजगावकर खोपोलीहून कर्जतमार्गे लोकलने ज्या कल्याणला उतरतात, ते डॉ. आनंदीबाई जोशींचे माहेर. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे मानण्याचा तो काळ. नवव्या वर्षी लग्न झालेली, चौदाव्या वर्षी दहा दिवसांचे मूल गमावलेली ही अठरा वर्षांची मुलगी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीत बसली. सोबतीला मिशनरी बायका. गोपाळराव मागेच राहिले. न्यूयॉर्कचा धक्का आला ४ जूनला!

डॉक्टरकीचे कौतुक सगळेच करतात, मला या दोन महिन्यांचे अधिक वाटते. पुढे फिलाडेल्फियात निदान कॉलेज होते, कार्पेंटरबाईंची माया होती. बोटीवर यातले काही नव्हते.

मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली. नोव्हेंबरात त्या मुंबईला उतरल्या, त्या क्षयाने पोखरलेल्या. कोल्हापूरच्या दवाखान्यातली नेमणूक तशीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय पुरते बावीसही नव्हते.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला धाडली. त्या काळी बोटीशिवाय वाट कुठली? न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती विसावली आहे.