प्रकाशाचे वाचक : कावसजी नायगमवाला

हिवाळ्याच्या रात्री गंधवानीच्या आकाशात मृगनक्षत्र वर येते. त्यातील तीन ताऱ्यांच्या बाणाजवळ, दक्षिणेस, एक अंधुक ठिपका दिसतो. तो तारा नसून वायूचा प्रचंड तेजोमेघ आहे. तेथे कोणी गेलेले नसता, तेथील द्रव्य कोणते हे कसे कळावे? याच विद्येची उपासना करणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

कावसजींचा जन्म सन १८५७ मधील. जातीने पारशी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते १८७८ साली एम. ए. झाले व पुढे तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी वर्णपटाच्या अभ्यासासाठी ५,००० रुपये दिले. मुंबई सरकारने तितकीच भर घातली. १८८४ साली कावसजी इंग्लंडला जाऊन तेथील ज्योतिर्विदांना भेटले. पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली महाराजांच्या नावाची वेधशाळा उभी राहिली. तेथील २० इंच आरशाची दुर्बीण त्या काळी भारतात सर्वांत मोठी होती.

प्रत्येक वायू प्रकाशाच्या पट्ट्यावर आपल्या ठराविक रेषा उमटवितो. त्या ओळखल्या की वायू ओळखला. मृगातील तेजोमेघाची मुख्य रेषा मॅग्नेशियमची असावी, असे इंग्लंडचे विख्यात शास्त्रज्ञ लॉकियर यांचे मत होते. तसे असते तर ती एका बाजूस पसरट दिसावयास हवी होती. कावसजींना ती रेखीव दिसली. लॉकियर यांच्याविषयी त्यांना आदर होता. तरीही १८९१ साली त्यांनी जे दिसले तेच प्रसिद्ध केले. १९२७ साली बोवेन यांनी ती रेषा इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे असे सिद्ध केले.

१८९६ साली ग्रहणासाठी ते नॉर्वेपर्यंत गेले. पण ढगांनी निराशा केली. त्यांनी धीर सोडला नाही. २२ जानेवारी १८९८ रोजी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे खग्रास सूर्यग्रहण झाले. सुमारे दोन मिनिटांच्या त्या अंधारात कावसजींनी सूर्याच्या वातावरणाच्या वर्णपटाची छायाचित्रे मिळविली.

१९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही मोडली. उपकरणे कोडाईकनालला गेली. कामाची धुरा घेणारा मागे नसला म्हणजे मोठी संस्थाही एका माणसाबरोबर संपते, हे आम्हांस येथे विशेष जाणवते. १९३८ साली कावसजींचे निधन झाले.

विद्या मात्र संपली नाही. दूरच्या ताऱ्यासमोरून त्याचा ग्रह सरकतो, तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या वातावरणातून गाळून येतो व त्यातील काही रंग वायू शोषून घेतात. याच खुणेवरून २००१ साली एका परग्रहावर सोडियम आणि २०२२ साली दुसऱ्यावर कार्बन डायऑक्साइड आढळला. विद्यार्थ्यांनी मृगाकडे पाहताना कावसजींचे स्मरण ठेवावे. आणि मोठ्यांचे मत वेगळे असले तरी डोळ्यांना दिसले ते प्रामाणिकपणे लिहावे, एवढेच आमचे सांगणे.