सुलतान खान: पुस्तकाविना जगाला भिडलेला बुद्धिबळपटू

मीर सुलतान खान हे नाव आज आपल्या किती घरांत माहीत आहे? पंजाबातल्या मिठा टिवाना गावचे हे मरहूम बुद्धिबळपटू. नऊ वर्षांचे असताना वालिदांकडून ते बुद्धिबळ शिकले, पण देशी नियमांचे. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचे.

जमीनदार सर उमर हयात खान यांनी त्यांचा हुनर ओळखला, पदरी ठेवले, पाश्चात्त्य नियम शिकण्याची सोय केली. 1928 मध्ये सुलतान खान अखिल भारतीय विजेते झाले. 1929 मध्ये सर उमर यांच्यासोबत इंग्लंडला गेले आणि त्याच वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. 1932 आणि 1933 मध्येही तेच.

समोरचे खेळाडू डावाच्या सुरुवातीच्या चाली पुस्तकांतून पाठ करून यायचे. सुलतान खान यांची हीच बाजू कच्ची. सुरुवात कशीबशी सांभाळायची आणि मग डोके चालवायचे, असा त्यांचा खेळ.

1930-31 च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत समोर होते माजी विश्वविजेते कापाब्लांका. कापाब्लांकांनी क्वीन्स इंडियन बचाव घेतला. पाचव्या चालीला सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे फक्त एक घर पुढे सरकवले. दिसायला साधी चाल, पण काळ्या उंटाची घोड्यावर चालून येण्याची वाट बंद झाली. पुढे हीच पद्धत विश्वविजेते पेट्रोस्यान यांच्या नावाने ओळखली गेली. त्या डावात सुलतान खान यांनी वजीर देऊन दोन हत्ती घेतले आणि 65 चालींत बाजी मारली.

त्याच घरातल्या फातिमा यांनी 1933 मध्ये ब्रिटिश महिला अजिंक्यपद जिंकले, हेही आपल्या मुलींना सांगायला हवे.

पण 1933 च्या अखेरीस सर उमर मायदेशी परतले, तसे सुलतान खानही परतले. 1935 मध्ये सांगलीच्या खाडिलकरांशी दहा डाव झाले. नऊ जिंकले, एक बरोबरीत. नंतर मोठ्या स्पर्धा नाहीतच. ते शेतीत रमले. 1966 मध्ये क्षयरोगाने त्यांचा इंतकाल झाला.

हयातीत त्यांना ग्रँडमास्टर किताब मिळाला नाही. मानद किताब मिळाला 2024 मध्ये!

हुनर होता, म्हणून ते जिंकले. मात्र खेळायचे की थांबायचे, हे दुसऱ्याच्या येण्याजाण्यावर ठरले. आपल्या मुलांचा हुनर एखाद्या सरदाराच्या नजरेची वाट पाहत बसू नये, एवढे तरी आपण करू शकतो.